क्रूझवर स्वस्तात नेट कसं मिळवायचं, आणि घरी आल्यावर बिल बघून घाम फुटू नये म्हणून काय करायचं

माझ्या मेहुण्याने क्रूझवर एकही फोन केला नाही, एकही रील बघितलं नाही, रात्री नेहमीसारखा फोन चार्जिंगला लावला आणि झोपला. पुढच्या महिन्यात पोस्टपेडचं बिल आलं साडेअकरा हजार. झालं असं की त्याने दिवसभरात काढलेले दोन-तीनशे फोटो रात्री आपोआप बॅकअपला जायला लागले, आणि ते जात होते जहाजाच्या स्वतःच्या मोबाइल टॉवरवरून, जिथे एमबीच्या हिशोबाने पैसे लागतात. क्रेडिट लिमिट मधे आली म्हणून तिथेच थांबलं, नाहीतर तो अजून हप्ते भरत बसला असता.

त्यानंतर मी दोनदा क्रूझ केली, दोन्ही वेळा सिंगापूरहून, सिंगापूर-पेनांग-फुकेट आणि परत सिंगापूर, चार रात्री. आपल्याकडचे टूरवाले जी क्रूझ सगळ्यात जास्त विकतात तीच ही. ठाण्याहून आम्ही पाच जण होतो, आई-बाबा, बायको, मुलगी आणि मी. पहिल्या वेळी बरेच पैसे उगाच गेले, दुसऱ्या वेळी पाच जणांचं मिळून नेट पहिल्याच्या निम्म्याहून कमी पैशात झालं आणि कुणाची कुरकुरही नव्हती. ते कसं केलं ते क्रमाने लिहितोय. तुमची क्रूझ दुसरीकडची असली तरी पद्धत हीच, फक्त देशांची नावं बदला.

लागणाऱ्या गोष्टी आधी सांगून टाकतो म्हणजे शोधाशोध नको:

- ई-सिम (प्लास्टिकचं कार्ड न घालता फोनमध्ये डाउनलोड होणारं सिम) चालणारा निदान एक फोन, आणि तो एकाच मोबाइल कंपनीला लॉक नसलेला
- पासपोर्ट, सिंगापूरचा व्हिसा आणि तिकिटाच्या कॉप्या (सिम किंवा ई-सिम घेताना केवायसीला मागतात)
- परदेशात चालणारं कार्ड, आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेलं
- भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू केलेलं (डेटा पॅक नसला तरी चालेल, का ते पुढे येईल)
- क्रूझ कंपनीचं अ‍ॅप, घरूनच डाउनलोड आणि लॉगिन केलेलं
- ऑफलाइन नकाशे, तिकिटं, व्हिसा, इन्शुरन्स, सगळं फोनमध्ये सेव्ह

१. आधी हे समजून घ्या: जहाजावर तीन वेगवेगळी नेटवर्क असतात

सगळा घोळ इथेच होतो. फोनवर कांड्या दिसल्या की आपल्याला वाटतं नेटवर्क आलं. पण कुणाचं आलं हे बघायचं असतं.

पहिलं म्हणजे किनाऱ्यावरचा साधा मोबाइल टॉवर. जहाज बंदरात असेल किंवा किनाऱ्याजवळून जात असेल तर तो पकडतो. वरच्या डेकवर उभं राहिलं आणि मधे काही आडवं नसलं तर किनाऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत बऱ्याचदा मिळतो. हा स्वस्त, आपल्याला हाच हवाय.

दुसरं, जहाजाचा स्वतःचा टॉवर. जहाजावर छोटे मोबाइल अँटेना बसवलेले असतात, ते सॅटेलाइटला जोडलेले, आणि तुमचा फोन त्याला रोमिंगसारखा चिकटतो. फोनवर नाव दिसतं 'सेल्युलर अ‍ॅट सी', 'टेलिनॉर मॅरिटाइम' असलं काहीतरी, किंवा नुसता ९०१ ने सुरू होणारा आकडा. हे नेटवर्क कुठल्याच देशाचं नसतं, त्यामुळे तुमचा 'सिंगापूर-मलेशिया-थायलंड पॅक' इथे चालत नाही, पॅक असूनही बाहेरचा रेट लागतो. बंदराजवळ हा टॉवर सहसा बंद ठेवतात आणि किनारा लांब गेला की चालू होतो, म्हणजे तुम्ही जेवायला गेलेले असताना किंवा झोपेत असताना. मेहुण्याचं हेच झालं.

तिसरं, जहाजाचं वायफाय. हेही सॅटेलाइटवरूनच येतं पण पैसे दिवसाच्या पॅकेजचे, त्यामुळे किती जाणार ते आधी माहीत असतं. पूर्वी हे वायफाय म्हणजे चेष्टा होती, कारण जुने सॅटेलाइट ३५,७८६ किलोमीटरवर, मेसेज जाऊन उत्तर यायलाच अर्ध्या सेकंदाच्या वर लागायचं, व्हिडिओ कॉलवर दोघंही एकदम बोलायचे आणि एकदम गप्प बसायचे. आता बऱ्याच मोठ्या जहाजांवर स्टारलिंक हे नवं सॅटेलाइट नेट आलंय, ते सॅटेलाइट साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने २०२२ च्या ऑगस्टमध्ये सगळ्या जहाजांवर ते बसवणार असं जाहीर केलं, मग बाकीच्यांनीही केलं. त्यामुळे २०१८-१९ मध्ये जाऊन आलेला कुणी 'जहाजावर वायफाय घेऊ नका, काही चालत नाही' म्हणाला तर ते जुनं झालंय. चालतं आता. महाग आहे, एवढंच.

म्हणजे आपला प्लॅन असा: किनाऱ्याचा टॉवर जितका ओरबाडता येईल तितका ओरबाडायचा, वायफाय एकाच फोनचं घ्यायचं, आणि जहाजाच्या टॉवरला फोनचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही.

२. घरीच: फोन ई-सिम घेतो का ते बघा

डायलरवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा. आयएमईआय नंबरांसोबत 'ईआयडी' नावाचा लांबलचक नंबर दिसला तर ई-सिम चालतं. आयफोन असेल तर २०१८ मधल्या एक्सएस आणि एक्सआरपासून पुढचे चालतात, चीनमधून आणलेला असेल तर वेगळं, त्यातल्या बऱ्याचशांत ई-सिम नसतंच. अँड्रॉइडमध्ये काही सांगता येत नाही, एकाच नावाच्या फोनचं एक मॉडेल घेतं, एक घेत नाही, म्हणून तो नंबर दाबून बघणंच खरं.

सगळ्यांच्या फोनमध्ये ई-सिम हवंच असं नाही. आमच्या पाचात दोघांच्याच फोनमध्ये होतं, बाकीचे हॉटस्पॉटवर. आईबाबांच्या फोनमध्ये तर मी भारतीय सिमला हातच लावला नाही.

इथे एक सापळा आहे तो आधीच सांगतो. परदेशातलं प्लास्टिकचं सिम घालायला भारतीय सिम काढलं की काही यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप्स लगेच रुसतात. सिम दिसत नाही म्हणून पुन्हा नोंदणी मागतात, त्यासाठी भारतीय नंबरवरून एसएमएस पाठवायला लागतो, आणि तो परदेशातून कधी जातो कधी जात नाही. बाबांनी चांगी एअरपोर्टवर उत्साहात सिम काढलं आणि टिश्यू पेपरात गुंडाळून ठेवलं, मग तो टिश्यू पेपर आईने टाकून दिला. पुढचं लिहीत नाही.

३. ई-सिम कुठून आणि कुठलं

दोन गोष्टी बघायच्या, देश आणि मुदत.

देश: या रूटसाठी एकेका देशाचं घेऊ नका, 'आशिया' किंवा 'दक्षिण-पूर्व आशिया' असं रिजनल घ्या आणि त्याच्या यादीत चार नावं आहेत ना बघा: सिंगापूर, मलेशिया, थायलंड आणि इंडोनेशिया. इंडोनेशिया का, आपण तर तिकडे जातच नाही? कारण सिंगापूरच्या समोर समुद्रात बाताम बेट आहे, जेमतेम वीस किलोमीटरवर, ते इंडोनेशियाचं. जहाज सिंगापूर सोडताना आणि परत येताना फोन तिथलाच टॉवर पकडतो. यादीत इंडोनेशिया नसेल तर नेमक्या त्या तासात, जेव्हा सगळ्यांना जहाज सुटतानाचे व्हिडिओ टाकायचे असतात, नेट गायब. पहिल्या वेळी आमच्या फोनवर तिकडच्या नेटवर्कचा वेलकमचा मेसेज आला तेव्हा बाबा एकदम गंभीर झाले, म्हणाले अरे इंडोनेशियाचा व्हिसा कुठे आहे आपल्याकडे?

मुदत: काही ई-सिमची मुदत इन्स्टॉल केल्याक्षणी सुरू होते, काहींची परदेशातल्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यावर. घेण्याआधी हे वाचा. पहिल्या प्रकारातलं असेल तर आदल्या दिवशीच इन्स्टॉल करा, दुसऱ्या प्रकारातलं असेल तर आठवडाभर आधी निवांत करून ठेवा.

किती डेटा: चार रात्रींना माणशी २-३ जीबी पुरतो, हॉटस्पॉट देणाऱ्याला ५ जीबी तरी घ्या. रिजनल ५ जीबी साधारण हजार ते दीड हजारात बसतं. 'अनलिमिटेड' वाचून भुलू नका, बऱ्याच अनलिमिटेडमध्ये दिवसाचा ठरावीक डेटा संपला की स्पीड मुंगीचा होतो, आणि काहींत हॉटस्पॉट चालतच नाही, म्हणजे आपल्या काहीच कामाचं नाही.

कुठून: २०२४ च्या जानेवारीत दूरसंचार खात्याच्या सांगण्यावरून एअरालो आणि होलाफ्लाय ही ई-सिम विकणारी परदेशी अ‍ॅप्स भारतातल्या अ‍ॅपल आणि गुगलच्या स्टोअरमधून काढली गेली, कारण परदेशी सिम भारतात विकायला त्या खात्याची परवानगी लागते. त्यामुळे युरोप-अमेरिकेतले यूट्यूबर जे सांगतात ते आपल्याला इथे बसून जसंच्या तसं करता येत नाही. दोन रस्ते उरतात. एक, परवानगी असलेल्या भारतीय विक्रेत्याकडून घ्या, पासपोर्ट-व्हिसा-तिकीट अपलोड करा, ई-सिम मेलवर येतं. दुसरा, चांगीला उतरून घ्या. तिथे काउंटरवर सिंगटेल, स्टारहब, एम१ यांची टुरिस्ट सिमं मिळतात, पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि त्यातल्या काहींत मलेशिया, इंडोनेशिया, थायलंडचं रोमिंग आतच असतं. काउंटरवाल्याला 'पेनांग, फुकेट, क्रूझ' एवढे तीन शब्द सांगितले तरी तो बरोबर पाकीट काढतो. नाहीतर सिंगापूरच्या लिटल इंडियातल्या मुस्तफा या मोठ्या दुकानात आपण जाणारच असतो, तिथेही सिम मिळतं.

क्यूआर कोड मेलवर आला तर तो दुसऱ्या फोनवर उघडा किंवा प्रिंट काढा, कारण ज्या फोनमध्ये टाकायचं त्याच फोनवरचा कोड त्याच फोनच्या कॅमेऱ्याने कसा स्कॅन करणार! आणि एकदा टाकलेलं ई-सिम 'चालत नाही वाटतं' म्हणून डिलीट करू नका. बहुतेक कोड एकदाच चालतो. घरी असताना ते चालणारच नाही, नेटवर्क तिकडे गेल्यावर येतं.

४. जहाजाचं वायफाय: एकच घ्या, आधी घ्या

मोठ्या जहाजांवर एका फोनमागे दिवसाला साधारण २० डॉलर आणि वर असा हिशोब असतो. पाच जणांचं चार दिवसांचं घेतलं की चारशे डॉलर, म्हणजे तीस हजाराच्या वर. तेवढ्यात एका माणसाचं मुंबई-सिंगापूर तिकीट येतं.

यातली मेख अशी की पॅकेज 'एका डिव्हाइसचं' म्हणजे एका वेळी एक डिव्हाइस. बऱ्याच जहाजांवर एका फोनवरून लॉगआउट करून दुसऱ्यावर लॉगिन करता येतं, त्याच पैशात. आम्ही वेळा वाटून घेतल्या होत्या. सकाळी बायको, तिला ऑफिसचे मेल बघायचे असायचे. दुपारी मुलगी. रात्री नऊला आईबाबा, कारण जहाजावर रात्रीचे नऊ म्हणजे भारतात संध्याकाळचे साडेसहा, आत्या दिवे लावून मोकळी झालेली असते. लॉगआउट करायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्याला आत घेतच नाही आणि मग अकराव्या डेकवर पोरीला शोधत फिरायचं.

पॅकेज घरूनच, क्रूझच्या अ‍ॅपवरून विकत घ्या. जहाजावर चढल्यावर तेच महाग असतं. बुकिंग केल्यापासून अधूनमधून अ‍ॅपमध्ये डोकावत राहा, सेल लागतात, आणि आधी जास्त पैशात घेतलं असेल तर जहाज सुटायच्या आधी बरेचदा रद्द करून कमी पैशात परत घेता येतं. मी तसं केलं, बारा डॉलर वाचले, फार नाहीत, पण मजा आली.

दोन प्रकार असतील तर, साधं आणि स्ट्रीमिंगवालं, साधं घेण्याआधी त्यात व्हॉट्सअ‍ॅप कॉल चालतो का ते विचारा. काही साध्या पॅकेजमध्ये मेसेज जातो पण कॉल अडवलेला असतो, आणि आपल्याकडे आईला नुसता मेसेज चालत नाही, तिला नातवाचं तोंड बघायचं असतं.

राउटर घेऊन जायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. छोटा ट्रॅव्हल राउटर लावून एका पॅकेजवर सगळं खानदान चालवायचं, ही युक्ती कंपन्यांना कधीच कळलीय. काहींनी बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीतच राउटर टाकलेत, चढताना सामान स्कॅन होतं तेव्हा काढून घेतात. आणि सॅटेलाइट फोन वगैरे तर भारतातून नेण्या-आणण्याच्या भानगडीत अजिबात पडू नका, आपल्याकडे परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदेशीर आहे.

क्रूझचं अ‍ॅप मात्र जहाजाच्या वायफायवर पॅकेज न घेताही चालतं. जेवणाच्या वेळा, शो, बिल, सगळं त्यात. अ‍ॅपमध्ये एकमेकांना मेसेज करायची सोय असेल तर घरच्यांना ती शिकवून ठेवा, काही जहाजांवर फुकट असते, काहींवर थोडे पैसे पडतात. 'कुठे आहेस?' 'बुफेत' एवढंच बोलायला कशाला हवंय सॅटेलाइट.

५. सेटिंग: इथे दहा मिनिटं घाला, प्रत्येकाच्या फोनवर

हे घरी बसून करा, चहा घेत. बंदरावरच्या रांगेत जमत नाही.

भारतीय सिमवर डेटा रोमिंग बंद. रोमिंग चालू, डेटा रोमिंग बंद, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. रोमिंग कस्टमर केअर किंवा अ‍ॅपमधून चालू करायचं म्हणजे ओटीपीचे एसएमएस येतील, डेटा रोमिंग फोनच्या सेटिंगमधून बंद करायचं म्हणजे पैसे जाणार नाहीत.

ई-सिमवर डेटा रोमिंग चालू. हो, उलटं वाटतं, पण रिजनल ई-सिम सगळीकडे रोमिंगवरच असतं, हे बंद राहिलं की कांड्या पूर्ण आणि नेट शून्य. मला पहिल्यांदा 'फसवलं' वाटलेलं, नंतर कळलं चूक माझीच.

आयफोनवर 'अलाउ मोबाइल डेटा स्विचिंग' बंद करा. हे चालू असलं की ई-सिमला रेंज नसताना फोन शहाणपणा करून भारतीय सिमचा डेटा वापरायला जातो. अँड्रॉइडमध्येही असलंच आपोआप डेटा बदलणारं बटण काही फोनमध्ये असतं, तेही बंद. आयफोनमध्ये खाली 'वायफाय असिस्ट' आहे, तेही बंद.

फोटो बॅकअप बंद, गुगल फोटोज असो की आयक्लाउड. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मीडिया ऑटो-डाउनलोड तिन्ही ठिकाणी बंद, कारण सुप्रभातवाल्या ग्रुपांना तुम्ही क्रूझवर आहात हे कळत नाही. अ‍ॅप अपडेट बंद. इन्स्टाग्राम-फेसबुकमध्ये डेटा सेव्हर चालू.

नवीन सिम दिसलं की व्हॉट्सअ‍ॅप विचारू शकतं, नंबर बदलायचा का? नाही म्हणा. जुनाच नंबर राहू द्या, तो ई-सिमच्या नेटवर छान चालतो.

आणि जहाज सुटलं की एअरप्लेन मोड. सगळ्यात महत्त्वाचं हेच. एअरप्लेन मोड टाका आणि वरून वायफाय चालू करा, दोन्ही एकत्र चालतं. आईबाबांच्या फोनवर मी हे स्वतः करून दिलं, आणि मागच्या कव्हरवर चिकटपट्टीने लिहून लावलं: 'विमान काढायचं नाही'. बाबा म्हणाले आपण तर जहाजात आहोत.

६. प्रत्यक्ष प्रवासात नेट कुठे कुठे मिळतं

पहिला दिवस. मरीना बे क्रूझ सेंटरला पूर्ण नेट. जहाज संध्याकाळी सुटलं की पहिले दोन तास सिंगापूर आणि बाताम आलटून पालटून. त्यानंतर मलाक्काची सामुद्रधुनी. इथे एक माहीत असलेलं बरं: या सामुद्रधुनीत जहाजांना रस्त्यासारख्या लेन आहेत आणि प्रत्येकाने उजवीकडून जायचं असतं. त्यामुळे पेनांगकडे जाताना जहाज मलेशियाच्या बाजूने जातं, मलेशिया उजव्या हाताला. बाल्कनीची केबिन घेताना उजवी बाजू मिळाली तर रात्री बाल्कनीत मलेशियाचं फोर-जी मधूनमधून येत राहतं. आतल्या केबिनमध्ये काही येत नाही, चारही बाजूंनी लोखंड, वरच्या डेकवर उघड्यावर जा.

अशा वेळी ई-सिम वापरायचं असेल तर एअरप्लेन मोड काढायच्या आधी सेटिंगमध्ये भारतीय सिमच बंद करून टाका, मग काढा. आणि नेटवर्कचं नाव वाचा. मॅक्सिस, सेलकॉमडिजी, यू मोबाइल असलं काही असेल तर बिनधास्त. ९०१ दिसलं की लगेच परत विमान.

दुसरा दिवस, पेनांग. जहाज स्वेटनहॅम पियरला लागतं, ते अगदी जॉर्ज टाउन या तिथल्या मुख्य शहराच्या तोंडाशीच आहे, गेटबाहेर पडलं की चालत तिथलं लिटल इंडिया. इथे पूर्ण नेट आणि भरपूर वेळ. जड कामं सगळी इथे उरका, फोटो पाठवा, व्हिडिओ कॉल करा, बँकेचं काही असेल ते बघा.

बंदरावर नेटची चांगली जागा शोधायची एक ट्रिक मला जहाजावरच्या वेटरने सांगितली, सावंतवाडीचा पोरगा, आमचं मराठी ऐकून स्वतःच ओळख काढली. म्हणाला, "काका, आमचे लोक उतरल्यावर कुठे बसतात ते बघा." खरंच, गेटबाहेरच्या एका कॉफीच्या दुकानात जहाजावरचे दहा-बारा जण बसलेले, एकेक कॉफी समोर, प्रत्येकाच्या फोनवर कुणाचं तरी बाळ. कर्मचाऱ्यांना महिनोन्महिने हेच करायचं असतं, त्यांना कुठलं वायफाय फुकट आणि कुठलं नुसतं नावाला, सगळं पाठ असतं. आम्हीही तिथेच बसलो. कॉफी मात्र इतकी गोड की बाबांनी साखरेचं कारण सांगून आईची पण संपवली.

तिसरा दिवस, फुकेट. मोठं जहाज बऱ्याचदा धक्क्याला लागत नाही, पाटोंगच्या समोर समुद्रातच नांगर टाकतं आणि किनाऱ्यावर छोट्या बोटीने, म्हणजे टेंडर बोटीने, नेतात. नांगर टाकल्या जागी डेकवर थायलंडचं नेट येतं, त्यामुळे ज्यांना उतरायचं नाही त्यांचंही भागतं. किनाऱ्यावर पोरं सिम विकतात, ई-सिम असेल तर गरज नाही. थायलंडमध्ये सिमला पासपोर्टवर नोंदणी लागते, आणि पासपोर्ट बरेचदा जहाजाने ठेवून घेतलेला असतो, त्यामुळे तिथे सिम घेण्यावर अवलंबून राहू नका.

चौथा दिवस पूर्ण समुद्रात. परत येताना जहाज दुसऱ्या लेनमधून, म्हणजे सुमात्राच्या बाजूने येतं, वरच्या भागात सामुद्रधुनी रुंद आहे, किनारा दिसतही नाही. नेट विसरा. वायफायचं पॅकेज एकाच दिवसाचं मिळत असेल तर ते या दिवसाचं घ्या, बाकीचे दिवस किनाऱ्यावर भागतं. दुसऱ्या वेळी आम्ही हेच केलं आणि सगळ्यात जास्त पैसे इथे वाचले.

७. ओटीपी, फॉर्म आणि घड्याळ

ओटीपीचे एसएमएस बहुतेक भारतीय प्लॅनमध्ये परदेशात फुकट येतात, पण किनाऱ्याचं नेटवर्क असताना. एअरप्लेन मोडमध्ये ते येणार नाहीत. म्हणून क्रेडिट कार्डचं बिल, एसआयपी, मुलांची फी, जे काही त्या तारखांत येतं ते निघायच्या आधीच भरून टाका. समुद्राच्या मधोमध ओटीपीची वाट बघणं म्हणजे कोरड्या विहिरीत बादली सोडणं.

सिंगापूरचं अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, पोहोचण्याआधी तीन दिवसांत. क्रूझवरून परत सिंगापूरला उतरणं म्हणजे पुन्हा प्रवेश, तेव्हा दुसऱ्यांदा भरायचं, आणि व्हिसाही मल्टिपल एंट्रीचा हवा. हे दुसरं कार्ड फुकेटला नेट असतानाच भरून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. फॉर्म सरकारी साइटवर फुकट असतो, पैसे मागणारी साइट उघडली तर बंद करा.

घड्याळाचा सापळा फार जणांना माहीत नसतो. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. थायलंडचा टॉवर पकडला की फोन स्वतःच वेळ बदलतो. जहाज मात्र आपल्या वेळेने चालतं, आणि शेवटची टेंडर बोटही. फोनमध्ये चार वाजले म्हणून तुम्ही निवांत शहाळं पिताय आणि जहाजावर पाच वाजलेले. आपोआप वेळ बदलणं बंद करा आणि अ‍ॅपमध्ये दिलेली जहाजाची वेळ हाताने लावा. बायकोने साधं घड्याळ घातलं होतं, आम्ही सगळे तिलाच विचारायचो.

नकाशांचं एक: जीपीएसला नेट लागत नाही. गुगल मॅप्समध्ये जॉर्ज टाउन आणि फुकेट घरूनच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवलं तर एअरप्लेन मोडमध्येही निळा ठिपका दिसतो. समुद्रातसुद्धा. बाबांचा चौथा दिवस त्या ठिपक्याकडे बघण्यातच गेला, दर अर्ध्या तासाने येऊन सांगायचे कुठवर आलो ते.

८. मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीपची क्रूझ असेल तर

इथे ई-सिमची भानगड नाही, आपलंच सिम चालतं. मुंबई सोडल्यावर तास-दोन तास रेंज असते, मग जहाज किती आत जातं त्यावर. गोव्याकडे जाताना कोकण डाव्या हाताला, त्यामुळे डाव्या बाजूची बाल्कनी किंवा डेकची डावी बाजू. लक्षद्वीपला कोचीहून समुद्राखालून टाकलेल्या केबलचं उद्घाटन ३ जानेवारी २०२४ ला झालं, तेव्हापासून बेटांवर नेटची परिस्थिती बरीच सुधारलीय, पण बेटांच्या मधल्या समुद्रात काही नाही. आणि देशातल्या देशातली क्रूझ आहे म्हणून जहाजाचा टॉवर स्वस्त होत नाही. ९०१ दिसलं की इथेही विमानच. पोस्टपेड असेल तर आंतरराष्ट्रीय रोमिंग बंदच करून जा, ओटीपीला त्याची गरज इथे नाही.

परत येऊन मुंबईत उतरलात की ई-सिम बंद करा, भारतीय सिमचा डेटा चालू करा आणि बंद केलेले फोटो बॅकअप घरच्या वायफायवर परत सुरू करा. मी ते सुरू करायचं विसरलो होतो, दीड महिन्याने फोन पाण्यात पडला. पेनांगचे फोटो आता फक्त आत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत.